मदत हवी आहे: जिन्यावरची गर्दी मोजायची कशी?
नमस्कार मंडळी. आमच्या स्टेशनच्या पादचारी पुलाबद्दल आम्हा काही प्रवाशांना निवेदन द्यायचंय. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडला (आताचं प्रभादेवी) पावसामुळे लोक पुलावरच थांबले, मागून गर्दी येतच राहिली आणि २३ जीव गेले. आमच्याकडेही दोन्ही फलाटांवर एकदम लोकल आली की जिना तुंबतो, त्यात पायथ्याशी भजीवाला! (भजी चांगली असतात, तो भाग वेगळा.)

नुसतं 'फार गर्दी होते' लिहिलं तर कोण वाचणार? जिन्याच्या मीटरभर रुंदीतून मिनिटाला किती माणसं जातात, हे मोजलंय का कुणी? चढणारे-उतरणारे वेगळे धरायचे का? आणि मोजणी पावसाच्या दिवशीच करावी का? जुन्या निवेदनाचा नमुना असल्यास प्लीज पाठवा.