शब्दचर्चा: घंटेचे टोले की टोल?

नागपूरच्या धरमपेठहून प्रश्न

नमस्कार मंडळी, मुलगी सातवीत आहे, तिनं निबंधात लिहिलं "गावच्या चर्चच्या घंटेचे बारा टोल पडले" आणि शाळेत टोल खोडून टोले करून आलं, वर शेरा की टोल नाक्यावर असतो. तिची आजी म्हणते काहून चूक आहे, आमच्या काटोलकडच्या शाळेत टोलच म्हणत, टोल पडला की दप्तर उचलून पळायचं. पोरगी दोघींच्या मधात अडकली आहे. नेमकं काय बरोबर ते सांगा ना, आणि हा टोल इंग्रजीतून आला का तेही.

सदरहून

ताई, आधी पोरीला शाबासकी द्या, चूक काही नाही. घड्याळाचे टोल पडले, टोले पडले, दोन्ही सगळीकडे चालतं आणि आजीच्या शाळेतला टोल तर मीही ऐकला आहे, कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर लोखंडी दांडा, त्याचा आवाज अर्ध्या गावात जायचा.

टोला हा शब्द मात्र आपला आहे, विटीला टोला मारतो तोच हा, म्हणजे फटका. इंग्रजीतला घंटेचा टोल हा ओढणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदाशी जोडतात आणि नाक्यावरचा टोल तिसराच, तो लॅटिनमधून आलेला आणि त्याच्याही मागे ग्रीकमधला कराचा शब्द. उच्चार एक, कुळं वेगळी. आणि मला यातली खरी गंमत वाटते ती मारणे आणि ओढणे यात, कारण आपण देवळात घंटा वाजवतो तेव्हा घंटा जागेवर असते आणि आपण लोलक तिच्यावर आपटतो, पण इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये आख्खी घंटाच फिरवतात. घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली, चाकावरून दोर खाली खोलीत आलेला, आणि खालचा माणूस दोर ओढून ओढून घंटा इतकी झोके देत नेतो की ती उलटी होऊन तोंड वर करून उभी राहते, मग पुढच्या ओढीला पूर्ण गोल फिरून पुन्हा तशीच वर. शेकडो किलोचं धूड आहे हे, माणसाला दिसतही नाही, फक्त दोराच्या ओढीवरून हाताला कळतं की ती आता वर कुठे आहे.

म्हणून त्यांच्याकडे अशा घंटांवर गाण्याची चाल वाजवता येत नाही. एक घंटा फिरून यायला दोनेक सेकंद लागतात, घाई करून चालत नाही. मग सतराव्या शतकात तिथल्या लोकांनी दुसराच खेळ काढला, चाल सोडून क्रम बदलत जायचा. सहा घंटा असतील तर 720 क्रम होतात, सात असतील तर 5040, आणि एकही क्रम पुन्हा न येऊ देता, समोर कागद न ठेवता, सात घंटांचे हे सगळे क्रम वाजवायला साधारण तीन तास लागतात. गावातले शेतकरी, सुतार, लोहार असे लोक हे करत आले. शाळेत गणितात क्रमपर्याय शिकताना हे कोणी सांगितलं असतं तर मला ते प्रकरण जन्मभर लक्षात राहिलं असतं!

महालहून

दादा, एक भर घालतो. आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या देवळांत ज्या घंटा आहेत त्या चर्चच्याच आहेत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आणून देवाला वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराची घंटा आहे तिच्यावर 1721 साल आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी आहे तिच्यावर 1707 आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. भीमाशंकरलाही आहे. नाशिकचे लोक तर पूर मोजतात तिच्यावर, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे मोठा पूर. गेल्या वर्षी मेणवलीला गेलो होतो तेव्हा मी हात लावून पाहिली, ओठाजवळ केवढी जाड आहे बाप्पा, आणि थोडं वर सरकलं की एकदम पातळ.

सदरहून

भाऊ, त्या जाड ओठातच सगळा आवाज आहे. लोलक आतून तिथेच आपटतो. धातू म्हणजे कासं, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. लोक सरसकट पितळेची घंटा म्हणून राहिले, पण पितळात जस्त असतं, आमच्या भंडाऱ्याची भांडी पितळेची, ते वेगळं. कासं कडक असतं म्हणून नाद लांबतो आणि कडक असतं म्हणूनच तडकतंही, मग तडकलेल्या मडक्यासारखी घंटा बद्द वाजते. आणि गाणं शिकणाऱ्यांसाठी सांगतो, युरोपातल्या चर्चच्या घंटेत एका टोल्यात अनेक स्वर निघतात, त्यात मुख्य स्वराला सा धरलं तर वर कोमल गंधार ऐकू येतो. सणाला वाजली तरी त्या आवाजात थोडी उदासी राहते ती मला वाटतं या कोमल गंधारामुळे.

आता तास. हा शब्द अरबी-फारसीतून आला, तिथे तास म्हणजे वाटी, भांडं. आपल्याकडे तास म्हणजे काशाची थाळी जिच्यावर वेळेचे टोले देत, आणि मग तीच वेळ झाली तास. हिंदीत घंटा म्हणजे तास, आपण नागपुरात "एक घंटा झाला वाट पाहून राहिलो" म्हणतो ते तिथूनच, पण त्यात घंटा पुल्लिंगी होते आणि देवळातली, चर्चमधली घंटा मराठीत स्त्रीलिंगीच, ती घंटा, हे मात्र पोरीला नक्की सांगा. घटका म्हणजे तळाला भोक असलेलं भांडं पाण्यात सोडायचं, भरून बुडालं की 24 मिनिटं झाली आणि लगेच टोला द्यायचा, घटका भरली म्हणतात ते यावरून. इंग्रजीतलं क्लॉकसुद्धा मुळात लॅटिन क्लोका, म्हणजे घंटा. वेळ ही डोळ्यांनी बघायची गोष्ट पुष्कळ नंतर झाली, आधी ती कानांनीच कळायची.

आणि कर्फ्यू! हा तर थेट गावच्या घंटेतून आलेला शब्द आहे. फ्रेंचमध्ये विस्तव झाका असा अर्थ. लाकडाची घरं, गवताची छपरं, म्हणून संध्याकाळी ठरल्या वेळी घंटा द्यायचे की चुलीवर झाकण घाला आणि झोपा. आपण संचारबंदीला कर्फ्यू म्हणतो तेव्हा कोणाच्या मनात चूल येत नाही.

मानकापूरहून, मूळ वसईकर

मी लग्न होऊन इकडे आले पण आमच्याकडचं सांगते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा अशी चर्चमध्ये एंजलसची, म्हणजे रोजच्या ठरलेल्या प्रार्थनेची घंटा असते, तीन टोले मग थांबा, परत तीन मग थांबा, परत तीन, आणि शेवटी सलग. घंटा झाली की आजी हातातलं काम टाकून उभी राहायची, पिठाचे हात असले तरी, प्रार्थना म्हणून झाली की मगच पोळपाटाकडे. आम्ही मुलं खेळताना टोले मोजायचो नाही तरी तीन-तीन-तीन अंगात बसलं होतं. आमच्यात घंटा "झाली" म्हणतात, "वाजली" कमी. नाटकाची तिसरी घंटाही "झाली"च ना.

महालहून

आपल्याकडे पूजेत घंटेचा श्लोक आहे, आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्, देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून घंटा. चर्चच्या घंटांवर काय कोरत असत कोणाला माहीत आहे का?

सदरहून

हो, युरोपातल्या बऱ्याच जुन्या घंटांवर लॅटिनमध्ये एक ओळ सापडते, तिचा अर्थ असा की मी जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा मोडते. म्हणजे तिथेही बोलावणं आणि पळवून लावणं, तुमच्या श्लोकासारखंच. वादळात घंटा वाजवली की वीज टळते असा खरंच विश्वास होता आणि उंच मनोऱ्याखाली ओला दोर धरून उभे राहिल्यामुळे कितीतरी वाजवणारे विजेनं मेले, फार वाईट वाटतं वाचून.

मेलेल्यांसाठी रडते याचंही सांगतो, कारण टोला मोजायचा असतो हे मला तिथे कळलं. इंग्लंडच्या अनेक खेड्यांत गावात कोणी गेलं की आधी पुरुषासाठी तीन वेळा तीन, बाईसाठी तीन वेळा दोन, आणि मग वयाची जितकी वर्षं तितके टोले. शेतात नांगर धरलेला माणूस जागीच थांबून मोजायचा आणि एकाहत्तर, बहात्तर असं मोजता मोजताच त्याला कळायचं की कोण गेलं. दुसऱ्या महायुद्धात 1940 च्या जूनपासून तिथल्या चर्चच्या घंटा बंद होत्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या म्हणून, तेव्हा कित्येक गावांत लोक आपल्या माणसाला टोल्यांशिवायच पोचवून आले असतील. 1942 च्या नोव्हेंबरात इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईतल्या विजयासाठी त्या एकदा वाजल्या.

माझ्या मित्राचे वडील गेले तेव्हा मी वर्धेच्या बाजूच्या त्याच्या गावी गेलो होतो, कापसाच्या शेतांमधलं छोटंसं चर्च, एकच घंटा, बाहेर लोखंडी खांबांवर टांगलेली. एक म्हातारे बाबा दोर धरून होते. एक टोला द्यायचे आणि दोर सैल सोडून मान कलती करून ऐकत राहायचे, नाद पूर्ण विरेपर्यंत, मगच दुसरा. मी घड्याळ बघितलं नाही पण मध्ये चिमण्यांचा आवाज यायचा इतका वेळ जायचा. मी विचारलं बाबा इतकं थांबता का, तर म्हणाले, "अर्ध्यातून तोडू नये जी, त्याचा त्याले जाऊ द्यावं."

धरमपेठहून

दादा, पोरीला सगळं वाचून दाखवलं. ती विचारते आहे की त्या बाबांनी किती टोले दिले.

सदरहून

अडुसष्ट. मित्रानं मोजले होते.