दुसरीतल्या मुलांना ‘पचनसंस्था’ पाठ करायला लावायची का?

साखळीचा बाप
मुलगी इथे गोव्यात, साखळी गावच्या शाळेत दुसरीत आहे. शाळेने ‘आपले शरीर’ असा प्रकल्प दिला. थर्माकोलवर पचनसंस्था, श्वसनसंस्था आणि रक्ताभिसरण संस्था काढायच्या आणि वर्गापुढे बोलून दाखवायचे. थर्माकोल बायकोने कापला, नावे मी लिहिली. पोर ‘स्वादुपिंड’ खणखणीत म्हणते, पण जठर कुठे म्हणून विचारले तर बेंबीखाली हात ठेवते. ते असते वर, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला.

माझे स्पष्ट मत: या वयात संस्था नकोत. मैदानाला एक फेरी मारून आणा, मनगट धरायला लावा आणि ठोके मोजू द्या. मोठ्या माणसाचे बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० पडतात, मुलांचे जरा जास्तच. आपले मोजून मग बाईंचे मोजू द्या. दात तर वर्गात रोज कुणाचा ना कुणाचा पडतोच. दुधाचे २० जाऊन पुढे ३२ कसे होतात, हा धडा मुलांच्या तोंडातच आहे. त्यासाठी थर्माकोल कशाला?

शिक्षिका, सत्तरी
तुमच्या पोरीच्या वर्गात एक इयत्ता असेल. माझ्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. चौथीला भागाकार देऊन पहिलीला मैदानावर पळवायला मी दोन ठिकाणी कशी असणार? तक्ता भिंतीवर असतो, चौघांनाही उपयोगी पडतो.

आणि पाठांतराला एवढी नावे ठेवू नका. गणेशचवथीच्या आरत्या पाच वर्षांचे पोर धडाधड म्हणते, त्यातले किती कळते त्याला? आज शब्द कानावर पडला की पाचवी-सहावीत तो परका वाटत नाही.

साखळीचा बाप
बाई, आरती म्हटली म्हणून मुलाला संस्कृत येते असे कोणी प्रगतिपत्रकात लिहीत नाही. इथे ‘शरीराची माहिती आहे’ म्हणून शेरा मिळतो.

पेडणेकर रापणवाला
दोघेही घरात बघा. बाजारात आपली बायकामाणसे बांगड्याचा कल्ला उचलून बघतात, तांबडा असेल तर घेतात. पोराला सांगा तो तांबडा का. तिथे रक्त असते, पाण्यातला प्राणवायू तिथूनच आत जातो. झाली श्वसनसंस्था. नुस्ते, म्हणजे मासळी, साफ करताना आतडे, यकृत आणि कल्ल्यांमागचे एवढेसे हृदय हातावर ठेवून दाखवता येते. त्याला दोन कप्पे, आपल्याला चार.

मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, आंबटतीक कालवण खाताना तर विचाराच, हिला काटा का नाही? तिचा अख्खा सांगाडा कूर्चेचा. आपल्या कानाचा वरचा भाग वाकवा, नाकाचा शेंडा दाबा, तेच ते. तान्ह्या मुलाच्या सांगाड्यातही कूर्चा पुष्कळ असते. जन्मतः ३०० च्या आसपास असलेले तुकडे जुळत जाऊन मोठेपणी हाडे २०६ उरतात. माझ्या नातवाला हे ताटावरच कळले.

फोंड्याची आजी
आमच्या घरात नुस्ते शिजत नाही. आमच्या नातवंडांनी श्वास घेऊ नये का?

पेडणेकर रापणवाला
आजी, रागावू नका. त्यांनी तुमच्या छातीला कान लावून ऐकावे, त्याला काही शिजवावे लागत नाही.

जुना पणजीकर
ज्या पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, त्या गोव्यात आपण आज थर्माकोलवर भांडतो आहोत!

साखळीचा बाप
काका, त्याचा दुसरीतल्या पोरीशी काय संबंध?

बालरोगतज्ज्ञ, म्हापसा
दवाखान्यात मला ‘यकृत’ म्हणणारे मूल नको, बोटाने नेमकी जागा दाखवणारे हवे. ॲपेंडिक्सचे दुखणे बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. ‘आधी इथे होते, आता इथे’ एवढे मुलाने सांगितले तर आमचे अर्धे काम होते. त्यामुळे कल माझा साखळीकरांकडे. पण बाईंचा तक्ताही कामाला येईल, मुलाला त्याच्याशेजारी उभे करून स्वतःच्या अंगावर बोट ठेवायला लावले तर.

खरा विषय मात्र तुम्ही सगळ्यांनीच टाळलात. मुत्रपिंडाचा तक्ता लावलेल्या शाळेतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शौचालयात जावेसे वाटत नाही. मार्च ते मे आपल्याकडची हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, अंगातून पाणी मात्र जातच राहते. मग लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ घेऊन पोरी माझ्याकडे येतात. उत्सर्जन संस्था शिकवायची तर पहिले साहित्य म्हणजे कडी असलेले दार आणि नळाला पाणी.

डिचोलीची आई
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आता दुसरे टाळलेलेही मीच बोलते. त्या थर्माकोलच्या माणसाला कमरेखाली काहीच नाही. डोळे, कान, फुप्फुस, सगळ्याला नाव, आणि ज्या जागेला कोणी हात लावला तर मुलाने सांगायलाच हवे, ती जागा कोरी. बाप म्हणतात नावे नकोत. इथे मला नावच हवे.

फोंड्याची आजी
एवढ्या लहानपणी डोक्यात नको ते भरू नये. आमच्या वेळी कुठे कोण सांगत होते?

डिचोलीची आई
सांगत नव्हते, म्हणून कोणी काही बोलतही नव्हते, आजी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा मुलाचा जबाब त्याने सांगितला तसाच लिहून घ्या म्हणतो. मूल ‘तिथे’ एवढेच म्हणाले, तर तेवढेच लिहिले जाणार. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन लागला तरी सांगायला शब्द लागतातच.

साखळीचा बाप
हे मला मान्य, पण हे संस्थांमध्ये मोडत नाही. आंघोळ घालताना आईबापाने सांगायचे.

डिचोलीची आई
आणि ज्याच्यापासून जपायचे तो घरातलाच असेल तर?

शिक्षिका, सत्तरी
म्हणून शाळेत हवे, कबूल. पण मी एकदा तो शब्द वर्गात उच्चारला की दुसऱ्या दिवशी दारात पालक उभे. मुलांसमोर बोलायला मी लाजत नाही. पालकसभेत माझ्या बाजूने कोण उठतो ते सांगा. बापमाणसे सभेला येतच नाहीत, आया येतात आणि खाली बघतात.

पेडणेकर रापणवाला
मी येतो बाई, आजोबा म्हणून. पण ‘शूची जागा’ एवढेच चालवा, पुरे आहे.

डिचोलीची आई
नाही पुरे.