थवा सोडलात, पण दात कापतोय का?

सातपूरकर
«छोट्या शॉपनी फीड-स्पीड अंदाजाने लावणं सोडावं. एल-९ चे (ठरावीक जोड्यांच्या चाचणी-तक्त्याचे) नऊ कट घ्या, समीकरण बसवा, पार्टिकल स्वार्म (पक्ष्यांच्या थव्यासारखा उत्तर शोधणारा अल्गोरिदम) चालवा, मायक्रो-मिलिंगचं (बारीक टूलने केलेल्या सूक्ष्म कटाईचं) बेस्ट सेटिंग हातात!» कालची पोस्ट. स्पीड, फीड, डेप्थ धरले तर पूर्ण वर्गसमीकरणात गुणक १० आणि रीडिंग ९. दहावा काय रामकुंडातून वर आला? शिवाय तिन्हींच्या १००-१०० पायऱ्या केल्या तरी १० लाख जोड्या. लॅपटॉप चहा यायच्या आत सगळ्या तपासतो. पक्षी कशाला उडवायचे?

थवेकरी
पोस्ट माझीच. एल-९ चं मान्य, बॉक्स-बेनकेन (पूर्ण वर्गसमीकरणाला पुरणारा चाचणी-आराखडा) घ्या, १५ कट. पण आठ घटक आले की जोड्या १०० चा आठवा घात. मग प्या चहा. आणि रफनेस, बर (कडेला उरणारा धातूचा कंगोरा), टूल वेअर तीन दिशांना ओढतात तिथे एकच उत्तर नसतं. एनएसजीए-२ हा अल्गोरिदम एका रनमध्ये अख्खा पॅरेटो फ्रंट देतो, म्हणजे एक सुधारायला दुसरं बिघडवावंच लागतं अशा सगळ्या तडजोडी.

सातपूरकर
अंबडच्या गाळ्यात आठ घटक बदलतंय कोण?

कोलेट_पुसा
दोघंही हवेत. ०.५ मिमीचा दोन दातांचा एंडमिल (कापणारं टूल), फीड दाताला २ मायक्रॉन. टीआयआर (रनआउट, म्हणजे फिरताना टूल अक्षाबाहेर डगमगतं त्याचं डायलवरचं एकूण रीडिंग) ३ मायक्रॉन असला आणि दात वाईट कोनात बसले, की एक दात रिकामा फिरतो, दुसरा ४ मायक्रॉन ओढतो आणि तुटतो. तुमच्या समीकरणात हा रनआउट कुठंय? कोलेट (टूल पकडणारी बाही) आणि टेपर (ती बसते ती निमुळती जागा) पुसा, कोलेट आधी नटमध्ये ‘टक’ करून बसवा, मग टूल. डायल शँकवर (टूलच्या गुळगुळीत दांड्यावर) लावा, दातांवर नाही. जास्त आला तर टूल कोलेटमध्ये थोडं फिरवून पुन्हा आवळा.

दुसरं: रफनेस कमी करायला सांगितलं की थवा फीड तळाला नेतो. धारेची त्रिज्याच २-३ मायक्रॉन. फीड तिच्या साधारण तिसऱ्या हिश्शाखाली गेलं की चिप सुटत नाही, मटेरियल नुसतं दाबलं जातं, बर वाढते.

थवेकरी
मग फीडला खालची मर्यादा घाला ना! मर्यादा न घालणाऱ्याचं पाप अल्गोरिदमच्या माथी का?

गारठा
रनआउट काढलात, तापमान? १०० मिमी स्टील अंशाला साधारण १.२ मायक्रॉन वाढतं. जानेवारीत सकाळी शटर उघडल्यापासून दुपारपर्यंत १० अंश चढले की १२ मायक्रॉन गेले. डेप्थ २० मायक्रॉनची, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्पिंडल आधी २० मिनिटं रिकामा फिरवा, झेड (खोलीचं शून्य) पुन्हा टच करा आणि १५ कटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर सकाळचे कट एका मशीनचे, दुपारचे दुसऱ्याच.

थवेकरी
बरं बाबा! आधी कोलेट, मग टेम्परेचर, मग मर्यादा. एवढ्यातून पार्ट उरलाच तर माझा थवा. खूश?

सातपूरकर
अजून नाही. एकाच टूलने १५ कट घेतलेत तर शेवटच्या चारांत सेटिंग नाही, झीज मोजलीय. निघालेल्या सेटिंगवर नव्या टूलने तीन कन्फर्मेशन कट टाका, मग बोलू.