आर्किमिडीजचे स्टोमॅकिऑन लाकडात करायचे आहे, मदत हवी

टीपॉयवर ठेवायला आर्किमिडीजचे स्टोमॅकिऑन करून घेतोय. सुतारकाम जाणणाऱ्यांचा सल्ला हवा.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी: चौरसाचे १४ तुकडे, त्यांत ११ त्रिकोण, २ चौकोन, १ पंचकोन. ते परत चौरसात बसवायचे. २००३ मध्ये बिल कटलर यांनी संगणकावर मोजले तेव्हा फिरवलेल्या-उलटवलेल्या मांडण्या वगळूनही ५३६ उत्तरे निघाली. चौथ्या शतकातला रोमन कवी ऑसोनियस तर अशाच हाडाच्या तुकड्यांतून हत्ती आणि रानडुक्कर मांडता येते म्हणतो. (हत्ती मला अजून जमलेला नाही, कागदावरसुद्धा.)

आखणी सोपी आहे. १२ बाय १२ ची जाळी काढली की सगळे कोपरे जाळीच्या बिंदूंवरच येतात. चौरस २४ सेंमीचा धरलाय, म्हणजे सर्वांत मोठा तुकडा ९६ चौसेंमी आणि सर्वांत लहान दोन १२-१२ चे.

अडतेय ते कापण्यात. सुतार म्हणतो, सागाच्या एकाच फळीतून काढतो. पण करवत प्रत्येक कापाला मिलिमीटरभर खाणार आणि बाहेरच्या कडा मात्र शाबूत राहणार. मग मूळ मांडणी बसेल, बाकीच्यांत फटी. शिवाय लाकडाच्या रेषा जुळवत गेले की मूळ उत्तर आपोआप सापडणार, त्यात काय मजा? तुकडे उलटे करून वापरायचे असल्याने दोन्ही बाजूंना पॉलिश हवे ते वेगळेच. निमुळती टोके टिकतील का?

प्रतिसाद १:
अखंड साग नको. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत फुगत नाही म्हटले तरी चालेल. तुकडे फिरवले की मापे बिघडणार. दोन्हीकडून विनियर (चांगल्या लाकडाचा पातळ थर) असलेला १२ मिमी प्लाय घ्या. लेसर नको, एवढ्या जाडीत कडा जळून काळ्या होतात. सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणारे कापणी यंत्र) प्रत्येक तुकडा सुटा कापून घ्या, पात्याची जाडी बाहेरच्या बाजूला धरायला सांगा.

धागाकर्ता:
हे पटले. आणि टोके?

प्रतिसाद १:
पॉलिश पेपर दोनदा हलकाच फिरवा, अणकुची तेवढी मरेल. चौकट आतून २ मिमी मोठी ठेवा आणि तळाला बोटभर भोक पाडा, नाहीतर पहिला तुकडा काढायला दर वेळी चौकट पालथी करावी लागेल.