सुमात्राच्या डोंगरातील बाटक गाव आणि आपली जावळी

मेढ्याचा वाचक: उत्तर सुमात्रातील तोबा सरोवराभोवती, सुमारे ९०० मीटर उंचीवर राहणाऱ्या बाटक लोकांविषयी वाचताना मला सतत आपले जावळी खोरे आठवत राहिले. अशा डोंगरगावात राहून तरुणाला काही भवितव्य आहे काय?

कऱ्हाडकर: शेतीपुरते बोलायचे तर आहे. खाचरांतला भात घरापुरता असला, तरी लिंतोंग परिसरातील अरेबिका कॉफी परदेशी जाते, आणि आपण धुपात जाळतो तो लोबान तेथील डोंगरउतारावरच्या झाडांना खाचा पाडून गोळा करतात. मात्र कॉफीचा भाव जागतिक बाजार ठरवतो; आपल्या हळदवाल्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको.

पाटणचा माथाडी: मुलगे शिकून मेदान किंवा जाकार्ताला जातात, त्या स्थलांतराला तिकडे ‘मरान्ताउ’ म्हणतात. तरीही नाळ तुटत नाही, कारण पित्याकडून येणारे ‘मार्गा’ हे कुळ प्रत्येकाच्या आडनावातच असते, आणि एकाच ‘मार्गा’ कुळात लग्न होत नाही. शहरात कमावलेल्या पैशातून पूर्वजांची भव्य सिमेंटची स्मारके गावात उभी राहतात. आम्हीही मुंबईत ओझी वाहून गावच्या देवळाचा कळस चढवलाच की!

सांगलीकर: २०२० मध्ये तोबाला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचा दर्जा मिळाला, त्यामुळे पर्यटनाची आशा आहे, परंतु कासचा अनुभव पाहता, हंगामी गर्दीवर वर्षाचा संसार चालेल असे मला वाटत नाही.