मदत हवी आहे: जुनी स्प्लेंडर – टॅपेट गप्प, खरखर चालू, पिकअप गायब

होटगीरोडकर

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, २००३ चं मॉडेल, फक्त किक. मीटरवर ७१ हजार दिसतात, पण मधे केबल तुटलेली होती, म्हणजे जास्तच धरा. रोजचा रस्ता सोलापुरातलाच, होटगी रोड ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, अधूनमधून तुळजापूर.

तक्रारी दोन. चौथ्या गिअरला ५५ च्या वर काटा जात नाही, आणि तुळजापूरच्या घाटात डबल सीट असली की दुसऱ्यावर यावं लागतं. दुसरी तक्रार आवाजाची: डाव्या बाजूने खर्रर्र येतो, सकाळी पहिल्या किकला जास्त, आणि चालवताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा. आधी वरून टॅपेटची (व्हॉल्व ढकलणाऱ्या स्क्रूची) टकटकही होती. मेकॅनिकने गरम इंजिनवरच टॅपेट कसले, टकटक गेली. पिकअप मात्र त्यानंतर अजून उतरला. आता गाडी तापली की आयडलिंगला बंद पडते आणि तेव्हा किक एकदम हलकी लागते.

निळा धूर नाही. ऑइल खात नाही. प्लग नवा आहे, कार्बोरेटर धुतला, फरक काही नाही. "हाफ इंजिन करून टाका", म्हणजे सिलेंडर बोअर करून पिस्टन-रिंगा नव्या, असा सल्ला मिळालाय. बोअरला हात लावण्याआधी काय काय तपासू?

लेथ_आणि_बोअर

मालक, हाफ इंजिन आत्ता थांबवा. बोअर-पिस्टन-रिंग गेलेली गाडी धूर करते, ऑइल पिते. तुमची यातलं काहीच करत नाही. तुमच्याच पोस्टमधल्या तीन गोष्टी एकत्र वाचा: टॅपेट आवाज जाईपर्यंत कसले, पिकअप उतरला, तापल्यावर किक हलकी. एक्झॉस्ट व्हॉल्व सीटवर (हेडमधल्या त्याच्या टेकायच्या कडेवर) पूर्ण बसत नसणार, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तिथून निसटतंय.

या इंजिनला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला टॅपेट आणि व्हॉल्वच्या टोकामधला गॅप ०.०५ मिमी, आणि तो थंड इंजिनवर. कानाने लावलेला टॅपेट बहुतेक शून्यावर जातो. एक्झॉस्ट व्हॉल्वची उष्णता मुख्यतः सीटवाटे हेडमध्ये उतरते, आणि तीसुद्धा व्हॉल्व सीटला टेकलेला असेल तेवढाच वेळ. गॅप नसेल तर तापून लांबलेला व्हॉल्व अर्धवट उघडा राहतो, कडेने जळता गॅस निसटतो, कड जळते. थोडा वाजणारा टॅपेट गाडीचं फारसं बिघडवत नाही. गप्प केलेला टॅपेट व्हॉल्व खातो.

तपासणी अशी करा. गाडी रात्रभर थंड राहू द्या. इंजिन ३५ अंशांच्या खाली हवं, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच पारा ४० च्या पुढे असतो, तेव्हा पहाटेच बसा. प्लग काढा, वरखालची टॅपेट कॅप काढा, डाव्या कव्हरवरच्या दोन गोल कॅप काढा. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत 'टी' खूण खाचेसमोर आणा, तेव्हा पिस्टन सगळ्यात वर असतो. ही खूण दर फेरीला येते, म्हणजे दोनांत एकदाच कॉम्प्रेशनची. एरवी दोन्ही रॉकर (व्हॉल्व दाबणारे आडवे दांडे) सैल लागले की तीच बरोबर, असं सांगतात. तुमचा एक्झॉस्ट घट्ट असेल तर या खुणेने फसाल. त्यापेक्षा मॅग्नेट खुणेच्या जरा मागेपुढे हलवा. रॉकर हलले तर चुकीची फेरी, आणखी एक पूर्ण फेरी द्या. नाही हलले तर बरोबर.

मग ०.०५ ची फिलर पट्टी घाला. किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट कसताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून कसून झाल्यावर पट्टी पुन्हा घालून बघाच. निम्मे टॅपेट इथेच बिघडतात.

चादर_आणि_चेन

वरचं बरोबर आहे, पण इंजिन उघडण्याआधी फुकटातल्या गोष्टी होऊन जाऊ द्यात की. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक शू घासत असेल तर चाक लगेच थांबतं. चेनला मधोमध २० ते २५ मिमी खेळ हवा. क्लचसाठी: चौथ्या गिअरला ४० वर असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण द्या. इंजिन ओरडलं आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेटा घसरतायत. कारचं ऑइल टाकलेलं असेल तर हे बऱ्याचदा होतं. क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं १०डब्ल्यू३० च घ्या.

एमआयडीसीत गाडी यंत्रमागाच्या शेडजवळ उभी राहते का? सुताची पिंजण एअर फिल्टरवर नमद्यासारखी बसते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलचा हात फिरवून बसवा. कागदी असेल तर झटकत बसू नका, नवा घाला. तीच पिंजण सिलेंडरच्या फिन्समध्येही अडकते, तिथे ऑइल पाझरलेलं असलं की काळा थर जमतो आणि इंजिन जास्त तापतं. लाकडी काडीने उकरून काढा.

जुना कार्बोरेटर म्हणून एक: हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी लवकर मिसळतं. फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करावी लागेल.

होटगीरोडकर

दोघांचेही आभार. सकाळी सगळं बघितलं. ब्रेक मोकळे, क्लच घसरत नाही, पेट्रोल स्वच्छ. फिल्टर खरंच पिंजणीने भरलेला होता, नवा घातला, थोडा फरक पडला.

टॅपेट: इनलेट ०.०८ च्या आसपास. एक्झॉस्टला पट्टी शिरलीच नाही, रॉकर हलतही नव्हता. दोन्ही ०.०५ ला लावले. कॉम्प्रेशन गेज मिळालं (आकडे किलो प्रति चौ. सेमी): आधी ६.५, टॅपेट लावल्यावर ८. प्लगच्या भोकातून ऑइल टाकूनही ८ च्या थोडंच वर. डावीकडची खरखर जशीच्या तशी.

लेथ_आणि_बोअर

मोजताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा होता ना? बंद थ्रॉटलवर आकडा खोटा कमी येतो. उघडा होता असं धरून बोलतो.

चहाच्या चमच्याएवढं ऑइल टाकून आकडा चांगला उडी मारतो, तेव्हा रिंगा गेलेल्या असतात, कारण ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. तुमचा जेमतेम हलला. गळती व्हॉल्वमधून आहे. धड इंजिनाला १० च्या वर यायला हवं, म्हणजे टॅपेट लावून अर्धंच काम झालं, कड थोडी जळलेली असणार. हेड उतरवावं लागेल. बोअर नाही.

हेड उतरल्यावर व्हॉल्व काढण्याआधी एक चाचणी: पोर्टचं तोंड वर येईल असं हेड धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. व्हॉल्वभोवती ओल सुटली तर सीट गळते. एक्झॉस्टकडे सुटेल, पैज लावतो. मग व्हॉल्वची कड भिंगाखाली बघा. नुसते बारीक काळे ठिपके असतील तर लॅपिंगने, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व सीटवर घासून, जातील: आधी जाड पेस्ट, मग बारीक, आणि सीटवर सुमारे १ मिमी रुंदीचा सलग राखाडी पट्टा. कडेला खाच पडली असेल किंवा कड धारदार झाली असेल तर घासत बसू नका, नवा व्हॉल्व घ्या आणि तो सीटला लॅप करा. व्हॉल्व गाइडमध्ये आडवा हलवून बघा, हाताला खेळ जाणवला तर गाइडही बदलावं लागेल, नाहीतर लॅपिंग टिकणार नाही. सील दोन्ही नवीन. पेस्ट घासलेटने आणि मग साबणाने धुऊन काढा. तिचा कण आत राहिला तर बोअर खरवडून तुम्हाला खरंच हाफ इंजिन करायला लावेल.

सिलेंडर जागेवर असताना आतली भिंत बोटाने चाचपा. उभे ओरखडे नखाला लागले नाहीत तर सिलेंडर उचलूच नका. शंकाच असेल तर उचलून वरची रिंग एकटी बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकला आणि तोंडाची फट मोजा. अर्ध्या मिमीच्या पुढे असेल तरच रिंगांचा विषय. बोअरचा मूळ माप ५० मिमी. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिमीने चढतात आणि प्रत्येक बोअरला भिंत पातळ होते, तेव्हा कारण नसताना एक पायरी का खर्चायची?

हेडचे नट काढताना कोणत्या स्टडवर कोणता वॉशर होता याचा फोटो काढा. ऑइल चढणाऱ्या स्टडवर तांब्याचा वॉशर असतो. तो दुसरीकडे गेला तर हेडवरून ऑइल पाझरत राहतं.

चादर_आणि_चेन

खरखरीचं मी सांगतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला, मूठ कानाला. हेडवर स्पष्ट टक-टक असेल तर टॅपेट-रॉकर. सिलेंडरच्या डाव्या बाजूला, चेन जाते त्या पट्ट्यात खरखर असेल तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी). उजव्या कव्हरवर असेल आणि क्लच दाबल्यावर बदलत असेल तर क्लचचा गठ्ठा. खाली क्रँककेसमध्ये जड धप-धप, लोड दिल्यावर वाढणारी, असेल तर कनेक्टिंग रॉड. तेव्हा गाडी चालवूच नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर वाढणारी खरखर सैल टायमिंग चेनची खूण आहे.

हेड उतरवण्याआधी डाव्या बाजूचं गोल कव्हर काढा. 'टी' खूण जुळवल्यावर कॅम स्प्रॉकेटवरची 'ओ' खूण हेडवरच्या खाचेसमोर हवी. पूर्ण दात सरकला असेल तर पिकअप तिथेही जातो. अर्धा दात उशिरा दिसत असेल तर चेन लांबलेली आहे. मग इंजिनखालचा टेन्शनरचा बोल्ट काढा, थोडं ऑइल पडेल, भांडं ठेवा. स्प्रिंग आणि दांडा बाहेर येतो. दांड्याच्या टोकाचा रबर झिजलेला किंवा कडक झालेला असतो. रोलर बोटाने फिरवून बघा, रबराला खोल खाच पडली असेल तर तोही बदला.

होटगीरोडकर

'ओ' खूण अर्ध्या दाताने मागे आहे. रबरही कडक, तडे गेलेत. हेड उतरतंय तर चेन, रोलर, दांडा सगळंच घेतो. स्प्रॉकेट पण बदलू का?

लेथ_आणि_बोअर

कॅमचं वरचं बदला, दात एका बाजूला टोकदार झालेले असतील. क्रँकवरचं दाबून बसवलेलं असतं. दात धड असतील तर राहू द्या, ते काढायचं म्हणजे क्रँक बाहेर. नवी चेन घालायला मॅग्नेट काढावा लागतो, तो पुलरनेच. हातोड्याने ठोकला तर चुंबक सुटतात, क्रँकही वाकतो. जोडून झाल्यावर किक मारण्याआधी हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्या, खुणा परत जुळल्या पाहिजेत आणि कुठेही अडकता कामा नये. लॅप केलेली सीट बसत जाते तसा गॅप कमी होतो, म्हणून ५०० किमीला टॅपेट पुन्हा मोजा. थंड इंजिनवर, अण्णा. पहाटे.