बीटीएसची गाणी तुमच्या रोजच्या दिवसात कुठे असतात?

प्रश्न : १३ जून २०१३ रोजी पदार्पण केलेल्या या सात जणांच्या कोरियन गायक-गटातील सदस्य डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या लष्करी सेवेत गेले, तरी आम्हा बहिणींच्या दिनक्रमातून ते कधीच गेले नाहीत. सोलापुरातील इतर चाहत्यांचा अनुभव काय आहे?

उत्तर : आमच्या घराखालीच यंत्रमाग आहेत. त्या खटखटाटात अभ्यास करताना मी कानाला हेडफोन लावते, आणि वही संपेपर्यंत तीच चार-पाच गाणी पुन्हा पुन्हा ऐकते. कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे तिकडे दुपारी एकला येणारे नवे गाणे इथे सकाळी साडेनऊला, नेमके कॉलेजला निघताना हाती पडते. त्या दिवशी बस चुकली तरी मला वाईट वाटत नाही.

उत्तर : भाषा कळत नसताना इतका जीव कसा जडतो, असे मला नेहमी विचारले जाते. आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारी कन्नड बोलली जात असल्यामुळे, शब्दांआधी सूर ओळखण्याची सवय आम्हाला लहानपणापासूनच आहे. बीटीएसमुळेच मी कोरियन भाषेची हंगुल लिपी शिकलो. आता आजी शेंगाचटणी कुटत असताना शेजारी बसून मी तिला एकेका ओळीचा अर्थ तेलुगूत सांगतो, आणि ती मध्येच थांबून विचारते, “यातला थोरला कोणता रे?”

उत्तर : आईने यंदा माझ्यासाठी मुद्दाम जांभळी चादर निवडली. हा रंग आमचा, म्हणजे बीटीएसच्या चाहत्यांचा आहे, हे तिला न सांगता कळले.